न विचारता आणलेले बूट

हिमाचलच्या सहलीसाठी बायकोचे बूट मी तिला दुकानात न नेताच आणले, ही चूक माझीच. वर तिच्या जुन्या सँडल बॅगेतून काढल्या. म्हटलं, उगाच ओझं. चढावर सुमन मागे पडली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्या बाईसाहेबांना चालायची सवय नाही!" तीही हसली. मुक्कामी मोजे काढले तर दोन्ही टाचा सोललेल्या. मी नुसतं मलम पुढे केलं. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की ती म्हणते, "तुम्ही जाऊन या."

काल चपलांच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ वाकून बायकोच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबत होते.

"बोट टेकतंय का गं?"

"अहो, तीनदा विचारलंत!" ती लाजून म्हणाली.

प्रवासाची तयारी करताना मी पिशव्यांची वजनं करतो, हवामान बघतो. ज्याला चालायचंय त्याला विचारणं हीसुद्धा तयारीच, हे मला पन्नाशीत कळावं?

घरी येऊन सुमनला म्हणालो, "तुला चालता येत होतं. बूट चुकीचे मी आणले, आणि वर हसलोही मीच. माफ कर मला."