यंत्राच्या मागं कुणी उभं राहायचं नाही

वच्छलाबाई नवऱ्याच्या, रामकिशनच्या, पाठीवर ऊन पाणी ओतत होती, तेव्हा तिला त्याच्या करदोड्याला बांधलेली किल्ली दिसली. लहान, चपटी, वापरून चकचकीत झालेली. तिनं पाणी ओतणं थांबवलं नाही आणि काही विचारलंही नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे तिला संसारात फार लवकर कळलं होतं.

त्यांच्या खोलीत कुलूप लावण्याजोगं काही नव्हतं. एक लोखंडी पेटी होती, तिची कडी तुटलेली. बाहेर जाताना वच्छलाबाई दाराच्या कोयंड्यात काडी खोचून जायची. मग ही किल्ली कशाची? पेटीची नाही, दाराची नाही, सायकल तर रामकिशनकडे नव्हतीच. उरलं ते दुसऱ्या कुणाचं तरी दार.

वच्छलाबाई संशयी आहे, असं कामगारांच्या लायनीतल्या बायका उघड म्हणत. दूधवाल्याच्या मापात ती बोट फिरवून बघायची. कुणी जास्त गोड बोललं की त्या दिवशी त्या बाईला पीठ उसनं मिळायचं नाही. पण हा स्वभाव तिला आयुष्यानं लावलेला होता. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात आली, आणि मुकादमानं सांगितलेलं एकही ठिकाण सांगितल्यासारखं निघालं नाही. लेक मनकर्णा तर उसाच्या फडाच्या कडेला कोपीतच, त्या पाचटाच्या झोपडीतच जन्मली.

मग गंगाखेडच्या अलीकडं नवा साखर कारखाना झाला आणि रामकिशनला त्याच्या गेस्ट हाऊसवर काम लागलं. कारखाना उभा करायला आलेले परदेशी इंजिनिअर जाताना त्यांची गवत कापायची गाडी मागं ठेवून गेले होते. वर बसून चालवायची गाडी, पण तिला ट्रॅक्टरसारखं फिरवायचं चाक नव्हतं. दोन हातांत दोन दांडे, उजवा मागं घेतला की गाडी उजवीकडं, डावा घेतला की डावीकडं, आणि वळायची ती जागच्या जागी. कारखान्याच्या ड्रायव्हरांना ते जमेना. बैलगाडी हाकणाऱ्या रामकिशनला दांडे हातात घेतल्यावर कासरे धरल्यासारखं वाटलं, म्हणून त्यालाच बसवलं. काम रोजंदारीचं होतं, पण कारखान्याच्या माणिकराव साहेबांनी कायम करू असा शब्द दिलेला. कायम झालं की कोपी सुटणार होती. मनकर्णा शाळेत जात होती, तिच्या डोक्यावर उसाची मोळी येणार नव्हती. वच्छलाबाईचा सगळा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता, आणि किल्ली पाहिली तेव्हा तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की बाईच्या भानगडीत सापडलेल्या माणसाला कुठला साहेब कायम करील?

मग मागचंही एकेक आठवायला लागलं. जन्मभर धोतर नेसलेल्या या माणसानं अंगाबरोबर बसणारी पॅन्ट शिवून घेतली होती. भर उन्हाळ्यात पायात बूट. डबीत कापसाचे बोळे ठेवायचा आणि कामावर जाताना डबी खिशात टाकायचा. कापूस कशाला, असं तिनं विचारलं होतं, तर कानाला वारं लागतंय म्हणाला होता. आणि संध्याकाळी घरी यायच्या आधी गवताचा भारा बायनाबाईच्या दारात टाकून यायचा.

बायनाबाई गेस्ट हाऊसवर झाडलोट करणारी, लायनीबाहेर राहणारी, नवरा गेलेली बाई. तिच्याकडं म्हैस होती. गाडी यायच्या आधी तिथलं गवत तीच विळ्यानं कापायची आणि घरी न्यायची. गाडी आल्यावरही गवत तिचंच राहिलं होतं. यात वच्छलाबाईला काही म्हणायचं नव्हतं. पण ज्या बाईनं जन्मभर डोक्यावर भारे वाहिले, तिला आता आपला भारा नेता येत नाही का? आणि बायनाबाईच्या दाराला पितळी कुलूप होतं, हेही तिला ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी रामकिशन घोरत पडला असताना वच्छलाबाईनं कणकेचा गोळा घेऊन किल्लीवर दाबला. तो ठसा पदराखाली धरून ती बायनाबाईच्या दाराशी गेली, बाई घरात नाही असं बघून. कुलपाचं भोक गोल होतं, किल्ली चपटी. जमत नव्हतं. त्या गोळ्याची पोळी लाटून तिनं नवऱ्यालाच वाढली, पण संशय काही त्या पोळीबरोबर संपला नाही. घराच्या आत पेटी असेल, पेटीचं कुलूप वेगळं असेल.

पंचमीला ती माहेरी पालमला निघाली. मनकर्णा मामाबरोबर आदल्या दिवशीच पुढं गेली होती. स्टँडवर गेली तर गाड्या उभ्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, आज एकही सुटणार नाही म्हणाले. बाकीच्या बाया गाठोडी घेऊन घराकडं वळल्या. वच्छलाबाईनं मात्र गेस्ट हाऊसचा रस्ता धरला. आपण आज गावात नाही असं रामकिशनला वाटतंय. असा दिवस पुन्हा कधी मिळणार?

फाटकावर चौकीदार सिताराम होता. कामगारांच्या घरच्यांना आत मनाई होती, पण डबा द्यायचाय म्हटल्यावर त्यानं तिच्या गाठोड्याकडं बघितलं, मिशीत हसला आणि सोडलं. ते हसणंही तिनं लक्षात ठेवलं.

कण्हेरीच्या आडून तिनं पाहिलं. हिरवळीवर रामकिशन आणि बायनाबाई शेजारी शेजारी चालत होते. सावकाश, खाली बघत. मध्येच तो वाकायचा, गवतातून काहीतरी उचलायचा आणि तिच्या पदरात टाकायचा. ओटी भरावी तसं. ती काहीतरी बोलली, तो हसला. घरी हा माणूस हसल्याला किती दिवस झाले होते, याचा वच्छलाबाईनं विचार केला, आणि तिला आठवेना.

टोकाला पोचल्यावर बायनाबाईनं पदर झाडीत रिकामा केला. खडे, तारेचे तुकडे, पाहुण्यांनी फेकलेली हाडकं, एक फुटका ग्लास. वच्छलाबाईला त्याचा अर्थ लागेना. मग बायनाबाई पार लांब व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. चालताना ती एका पायानं लंगडत होती, हे वच्छलाबाईनं आजच पाहिलं. रामकिशननं कानात बोळे घातले, करदोड्याची किल्ली सोडली, गाडीत घातली, आणि गाडी धडधडायला लागली.

म्हणजे किल्ली गाडीची होती.

कुणालाही हायसं वाटलं असतं. वच्छलाबाईला राग आला. कारखान्याच्या गाडीची किल्ली कमरेला बांधून घरी आणायची आणि बायकोला सांगायचं नाही? यात काहीतरी असणारच. तेवढ्यात खालच्या पात्यात ओलं गवत अडकलं. रामकिशननं गाडी बंद केली, किल्ली काढली, पुन्हा करदोड्याला बांधली. मग नुसता उभा राहिला. पातं थांबायची वाट बघत होता तो, पण तिला वाटलं, तिकडं पायरीकडं बघतोय. मग त्यानं इंजिनाची एक वायर उपसली आणि हात न घालता काठीनं गवत खरवडून काढलं. वायर लावली, पुन्हा वर बसला.

तिला आता राहवेना. ती कण्हेरीतून निघाली आणि सरळ त्याच्या पाठीशी गेली. हाका मारल्या. कापसातून त्याला काय ऐकू येणार? गाडी गुलाबाच्या वाफ्याला भिडली होती, ती मागं घ्यायला त्यानं दांड्यांना हात घातला.

कुणीतरी वच्छलाबाईच्या दंडाला धरून तिला खसकन ओढलं. ती गवतात बसली आणि तिच्या अंगावर बायनाबाई.

"मागं हुबी ऱ्हाऊ नको," बायनाबाई धापा टाकत म्हणाली. "कुणी सांगितलं न्हाई व्हय तुला? त्याच्या मागं हुबं ऱ्हायचं न्हाई."

रामकिशननं मान वळवून बघितलं, दांड्यांवरचे हात काढले, गाडी जागच्या जागी थांबली. बायकोला गवतात बसलेली पाहून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "तू पालमला गेली न्हाईस?"

आणि यातही वच्छलाबाईला संशयाचा वास आलाच.

सांगितलं ते बायनाबाईनं. तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. डाव्या पायाची बोटं एकमेकांवर चढून बसलेली, चवड्याला खड्डा पडलेला. रामकिशन नवा नवा गाडीवर बसला होता, गवत असंच ओलं होतं. गाडी वाफ्यात घुसायला लागली म्हणून त्यानं दोन्ही दांडे छातीशी ओढले. जन्मभर त्यानं बैल तसेच थांबवले होते. पण दांडे ओढल्यावर ही गाडी थांबत नाही, मागं येते. ती मागं यायला लागली तसा हा घाबरून आणखी ओढायला लागला. मागं बायनाबाई गवत गोळा करत होती, चाक तिच्या पायावर चढलं. दवाखान्यात तिनं पायावर फरशी पडली म्हणून सांगितलं. साहेबाला कळलं असतं तर गाडी बंद झाली असती, रामकिशनचं काम गेलं असतं, आणि गाडीजवळ गवत गोळा केलं म्हणून तिचंही काम आणि म्हशीचं गवत गेलं असतं. तेव्हापासून तिचा भारा रामकिशन नेत होता.

"आन् किल्ली?" वच्छलाबाईनं नवऱ्याकडं वळून विचारलं.

त्याचं उत्तर त्यानं घरी जाऊन, चुलीपुढं बसल्यावर दिलं. एकदा तो खाली पातं साफ करत असताना सितारामनं गंमत म्हणून किल्ली फिरवली होती. बोटं वाचली ती नशिबानं. त्या दिवसापासून रामकिशनचा कुणावर विश्वास नव्हता. सितारामवर नाही, गाडीवर नाही, आणि स्वतःच्या हातांवर तर मुळीच नाही. मारक्या बैलाजवळ जावं तसा तो गाडीजवळ जायचा. धोतराचा सोगा पात्यात जाईल म्हणून पॅन्ट, पाय सरकेल म्हणून बूट, आवाजानं कान जातील म्हणून कापूस, पात्यातून उडून कुणाला लागतील म्हणून आधी खडे वेचायचे.

"मला सांगायला काय झालतं?"

"सांगितलं असतं तर तू बसू दिलं असतंस का गाडीवर? आन् बसलो नसतो तर कायम कसा व्हणार?"

तिनं भाकरीला जास्त जोरानं थापट्या मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती डब्याचं निमित्त करून सकाळी त्याच्याबरोबर जायला लागली. विश्वास बसला म्हणून नव्हे. खडे वेचता वेचता डोळ्यांसमोर सगळं राहतं म्हणून. बायनाबाईच्या आणि तिच्या मध्ये रामकिशन चालायचा, आणि आता तो कुणाच्याच पदरात काही टाकायचा नाही, स्वतः घमेलं घेऊन हिंडायचा.

बॉयलर पेटवायच्या आधी मोठे पाहुणे येणार होते. माणिकराव साहेब स्वतः हिरवळ बघायला आले. सगळीकडून फिरून ते तळ्याच्या उतारावर थांबले. तिथलं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. एवढी महागाची गाडी असताना हे असं का, असं त्यांनी विचारलं. उतारावर गाडी जात नाही, विळ्यानं कापतो, असं रामकिशननं सांगितलं. गाडीची पुढची चाकं सुटी फिरतात, ओल्या उताराला ती धरून राहत नाहीत, हेही सांगितलं. साहेबांनी ते ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच. गडी माजलाय की भितोय, हे ते जोखत होते.

"विळ्यानं कापायला मला तुझी काय गरज?" ते शांतपणे म्हणाले. "मला कायमच्या जागेवर गाडी चालवणारा माणूस पाहिजे. आज पाहुण्यांच्या आधी हा उतार गाडीनं झाला पाहिजे. नाहीतर तुझी ऊसतोडीची टोळी आहेच."

रामकिशननं मान खाली घातली. त्याचा हात करदोड्याकडं गेला, किल्ली चाचपली, तिथंच राहिला. मग त्यानं बायकोकडं पाहिलं. पंचमीच्या आधीची वच्छलाबाई असती तर तिनं त्याला ढकलून गाडीवर बसवला असता. कोपी तिच्या डोळ्यांपुढं आली, पाचटाचा वास आला, मनकर्णाचं दप्तर आलं. आणि शेजारी बायनाबाई उभी होती, एका पायावर भार टाकून, नेहमीसारखी.

वच्छलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब, तुमी बसा गाडीवर," ती म्हणाली. "मी मागं हुबी ऱ्हाते."

कुणी हसलं नाही. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, उताराकडं बघितलं, खालच्या पाण्याकडं बघितलं. ही बाई कोण, असं त्यांनी सितारामला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले.

उतार तिघांनी मिळून विळ्यांनी कापला. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. तळ्याकडं कुणी फिरकलंही नाही. दसऱ्याच्या आधी कायम झालेल्यांची नावं सांगितली. सितारामचं होतं, रामकिशनचं नव्हतं. कामावरून मात्र त्याला काढलं नाही, कारण गाडीवर बसायला दुसरा कुणी तयार नव्हता. साहेबांनी मुद्दाम केलं, असं वच्छलाबाई लायनीत सगळ्यांना सांगायची.

दसरा झाल्यावर मुकादम दारात आला. टोळी भरत होती, रामकिशनसारखा गडी आणि वच्छलाबाईसारखी बाई त्याला हवीच होती. रोजंदारीचं काय खरं असतं, असं तो रामकिशनला समजावत होता, आणि रामकिशन बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

"ह्यांना सुट्टी न्हाई," वच्छलाबाई आतूनच म्हणाली.

"कायम झाला का काय?" मुकादमानं संशयानं विचारलं.

"तुमाला काय करायचंय?" ती म्हणाली, आणि मनकर्णाची वेणी घालायला बसली. शाळेची वेळ झाली होती.