जोसीच्या मापाचं धनुष्य

वर्ना कादलेकने आयुष्यात एकही हरीण मारलं नव्हतं. पण सोलून, कापून, पांढऱ्या कागदात गुंडाळून तिने फ्रीजरमध्ये रचलेली हरणं शंभराच्या पुढे गेली असतील. नवरा मर्ल जंगलातून आणायचा आणि गॅरेजमध्ये टांगायचा. तिथून पुढचं सगळं तिच्याकडे. त्यामुळे बाण कुठून शिरला, जनावर जागेवर पडलं की तासभर धावलं, हे तिला मांसावरूनच कळायचं. मर्ल काही बोलला नाही तरी कळायचं.

मर्लला जाऊन चार वर्षं झाली होती. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या त्या घरात आता ती एकटीच असे. मुलगी लोर्ना मोटारीने चार तास दक्षिणेला, मॅडिसनमध्ये राहत होती. दर ऑगस्टला ती जोसीला आठवडाभर आजीकडे आणून सोडायची, आणि वर्ना त्या आठवड्यासाठी जूनपासून ब्लूबेरी भरलेल्या गोड पाई करून गोठवून ठेवायची. गेल्या वर्षी जोसीने पाईही धड खाल्ली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने फोनमधून मान वर करून विचारलं होतं, "आजी, इथे लोक दिवसभर करतात तरी काय?" तो प्रश्न वर्ना वर्षभर मनात घोळवत होती.

यंदा जोसी बारा वर्षांची झाली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तळघरात गेली आणि मर्लचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य दोन्ही हातांत धरून वर आली.

"हे मला शिकता येईल? मला हरणाच्या शिकारीला जायचंय."

वर्नाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. धनुष्य इथे, जंगल इथे, म्हणजे पोरगी शनिवार-रविवारी इथे येणार. मर्लचा मित्र ड्वेन झाडीत तिच्याबरोबर बसेल. तिने त्याच संध्याकाळी फ्रीजरचा वरचा कप्पा मांसासाठी रिकामा करून पुसून घेतला.

लोर्नाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अरे वा, मग क्रेगच शिकवेल की. क्रेग हा लोर्नाबरोबर वर्षभरापासून राहणारा माणूस. त्याच्या भावाची जमीन त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर होती आणि तो दरवर्षी तिथे शिकारीला जायचा. वर्ना म्हणाली, बघू. धनुष्य इथेच राहील, आजोबांचं आहे.

ड्वेनचं धनुष्यबाणांचं दुकान पशुखाद्याच्या वखारीमागे होतं. त्याने मर्लचं धनुष्य हातात घेतलं, दोरीवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून वर्नाकडे पाहिलं.

"चार वर्षं असंच ताणलेलं ठेवलंस? बोल्ट थोडे सैल करायचे असतात गं. दोन्ही टोकांना सारखे आटे."

"मला कोण सांगणार? मी आपली धूळ पुसत होते."

"धूळ बाकी छान पुसली आहेस."

मग त्याने जोसीला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरला. साठ इंच. अडीचने भागून तो म्हणाला, हिची दोरीची ओढ चोवीस इंचांची. मर्लचं धनुष्य एकोणतिसावर बसवलेलं आणि ओढायला साठ पौंडांचा जोर लागणारं. कितीही सैल केलं तरी पन्नासाच्या खाली येणार नाही. त्याने जोसीला दोन्ही तळव्यांमध्ये एक फट करायला लावली आणि फटीतून दारावरचं घड्याळ बघत आधी एक डोळा मिटायला सांगितला, मग दुसरा. डावा मिटला की घड्याळ नाहीसं होत होतं.

"लिहिते उजव्या हाताने, नेम धरते डाव्या डोळ्याने," ड्वेन म्हणाला. "हिला डावखुरं धनुष्य लागणार. आजोबांचं उजव्या हाताचं आहे."

"पण मला हेच हवंय," जोसी म्हणाली.

"ओढून दाखव. फक्त बाण नसताना दोरी सोडायची नाही, तुकडे होतील. खाली बस, पाय पुढे पसर, आणि हात समोर सरळ ठेवून ओढ. आकाशाकडे नाही."

जोसी सिमेंटच्या फरशीवर बसली. दोरी दोन बोटं हलली. तिने धनुष्य वर, छताकडे नेलं, मान आखडली, खालचा ओठ दाताखाली धरला. आणखी दोन बोटं. वर्ना काउंटरची कड घट्ट धरून उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, ओढ गं, ओढ. मग तिलाच स्वतःची लाज वाटली. पोरीचा खांदा थरथरत होता.

"पुरे," ती म्हणाली.

ड्वेन आतून एक लहान, डावखुरं धनुष्य घेऊन आला. पोर वाढेल तशी त्याची ओढ वाढवता येत होती. हरणासाठी कायद्याने तीस पौंड तरी लागतात. त्याने तीसवरच लावलं. पुन्हा फरशीवर, पाय पुढे, हात समोर. दोरी मागे आली, चाकं फिरली, शेवटी वजन एकदम हलकं झालं आणि जोसीचा चेहरा उजळला. असा चेहरा त्या आठवड्यात वर्नाने प्रथमच पाहिला.

"जमलं," ड्वेन म्हणाला. "आता हंगामापर्यंत रोज तीस बाण. एक दिवस चुकवायचा नाही."

जोसी बाणांच्या पिसांचे रंग बघायला पलीकडे गेली. वर्ना हळूच म्हणाली, "हे माझ्याकडेच ठेवते रे. इथे येईल तेव्हा मारेल. नाहीतर ती तिथे क्रेगबरोबर जाईल, आणि मग कशाला येईल इकडे?"

ड्वेन काउंटरवरचे स्क्रू एका डबीत भरत राहिला.

"मर्लच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षीची हरिणी आठवते तुला?"

न आठवायला काय झालं. मर्लने तो अख्खा उन्हाळा धनुष्याला हात लावला नव्हता आणि तरी ऑक्टोबरात गेला होता. बाण पोटात लागला. ती हरिणी दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी सापडली, मांस वाया गेलं. मर्ल स्वयंपाकघरात सिंकपाशी पाठमोरा उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसता नळ सोडून हात धूत राहिला. त्याला असं वर्नाने ना आधी पाहिलं होतं ना नंतर. आणि तो तर तीस वर्षं बाण मारत आलेला माणूस.

"महिन्यातून दोनदा हात लावून नाही होत हे," ड्वेन म्हणाला. "तुलाही माहीत आहे. म्हणून तर मला विचारतेयस."

"मी कुठे विचारलं? मी सांगत होते."

"बरं, सांग मग."

वर्नाने पर्स काढली आणि लहान धनुष्याचे पैसे मोजले. जोसीने नारिंगी पिसं निवडली.

रविवारी लोर्ना आली तेव्हा वर्नाने नव्या धनुष्याची पेटी स्वतः उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. लोर्नाने भुवया उंचावल्या. "इथेच ठेवणार होतीस ना, आई?"

"टांगून ठेवायला नाही घेतलं."

मग तिने जोसीच्या हातात कागदी ताटल्यांचं एक पाकीट दिलं. नेमाच्या सरावाला मर्ल याच वापरायचा. हरणाच्या जिवाची जागा ताटलीएवढीच असते; जितक्या पावलांवरून सगळे बाण ताटलीत बसतात तितक्याच पावलांवरून मारायचं, हा त्याचा नियम. "दर रविवारी एक ताटली मला पाठव," ती म्हणाली. "भोकांसकट." जोसीने मान डोलावली आणि खिडकीतून हात हलवला. वळणापर्यंत.

पहिली ताटली आली ती चाळणीसारखी, भोकं काठांपर्यंत पसरलेली. दुसऱ्या ताटलीवर ती मध्याकडे सरकली होती. वर्नाने दोन्ही फ्रिजवर लावल्या. मग हंगाम सुरू झाला आणि ताटल्या यायच्या थांबल्या. तीन आठवडे ती दुपारी टपालपेटीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतली. फोन करावा असं रोज वाटे. पोर दमत असेल, शाळा असेल, असं म्हणून ती रोज थांबे. एका शुक्रवारी मासळीच्या जेवणाला गावच्या बारमध्ये ड्वेन भेटला. त्याने तिच्या ताटातले दोन बटाटे न विचारता उचलले.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका शनिवारी दिवस कलताना फोन वाजला.

"आजी, मी क्रेगच्या ट्रकमध्ये आहे. आज हरिणी आली होती. समोर, आडवी उभी."

वर्ना खुर्चीवर बसली. "मग?"

"मारली नाही. तीस पावलं होती. क्रेग म्हणत होता, मार. पण वीसच्या पुढे माझे सगळे बाण ताटलीत बसत नाहीत."

"बरं केलंस," ती म्हणाली. "आजोबांनी हेच केलं असतं."

"क्रेग चिडला नाही. म्हणाला, असं करायला त्याला वीस वर्षं लागली." पलीकडे दार आपटलं, कुणीतरी काही बोललं. "आजी, आम्ही पिझ्झा घ्यायला थांबलोय. ताटल्या पाठवायच्या राहिल्यात. पाठवते हं."

ती नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार का, हे विचारायचं होतं. तोवर फोन बंद झाला होता.

वर्नाने सूप गरम केलं, खाल्लं, वाडगा धुऊन ठेवला. फ्रीजरचा वरचा कप्पा अजून रिकामाच होता. तिने त्यात खालच्या दोन ब्लूबेरी पाई उचलून ठेवल्या. मग ती तळघरात गेली, मर्लच्या हत्यारांच्या खणातून बोल्ट फिरवायची ॲलन की शोधली आणि त्याचं धनुष्य मांडीवर आडवं घेतलं. वरचा बोल्ट आधी हलेना. ती दोन्ही हातांनी नेट लावत राहिली. शेवटी तो फिरला. तीन आटे वर, तीन खाली, ड्वेन म्हणाला होता तसे, मोजून. दोरीवर बोट टेकवून पाहिलं. ताण थोडा कमी झाला होता. तिने धनुष्य पुन्हा खिळ्यावर टांगलं आणि दिवा मालवून वर आली.