न लागलेला दिवा

लाल दिवा दिसला की मला बरं वाटायचं. वैमानिकानं हे चारचौघांत सांगू नये, पण खरं ते खरं. मी एका लहान जेटची सहवैमानिक आहे. उद्योगपती, त्यांचे वकील, कधी एखादा घाईतला डॉक्टर, अशा सहा-सात माणसांना घेऊन जाणारं हे विमान. ते चालवायला शिकताना माझी गाडी अडली ती या लाल दिव्यापाशीच.

आमचं विमान जुन्या पद्धतीचं. नव्या विमानांत काय बिघडलं ते पडद्यावर लिहून येतं. आमच्यात समोर एक पट्टी आहे, तिच्यावर नखाएवढ्या चौकटी, प्रत्येक चौकटीवर त्रोटक इंग्रजी अक्षरं आणि आत दिवा. लाल पेटला तर आत्ताच्या आत्ता हातपाय हलवायचे. पिवळा पेटला तर लक्ष घालायचं, पण ताटावरून उठायची गरज नाही. पांढरा नुसता माहितीसाठी. सगळं ठीक असेल तेव्हा पट्टी काळी ठिक्कर. तिथं काहीच न दिसणं ही चांगली बातमी असते.

मला शिकवणारे कॅप्टन साठीला टेकलेले, पुण्याचे, आवाज न चढवणारे. मी त्यांच्या अगदी उलट. राग माझ्या नाकावर असतो, आणि आमच्या मोर्शीकडे दोघं साधं बोलायला लागले तरी तिसऱ्याला भांडण वाटतं. कॅप्टन मला सिम्युलेटरमध्ये बसवायचे, म्हणजे जमिनीवरच हलणारी, आतून हुबेहूब विमानासारखी दिसणारी खोली. मी आकाशात आहे असं समजून उडवत असायची आणि ते मागे बसून गुपचूप दिवे पेटवायचे. इंजिनाला आग, तेलाचा दाब कमी, दरवाजा नीट लागलेला नाही. दिवा पेटला की आधी त्याच्याबरोबर वाजणारी घंटा बंद करायची, विमान सरळ चाललंय ना ते पाहायचं, कोणता दिवा ते वाचायचं, मोठ्यानं म्हणायचं, मग पाठ केलेल्या गोष्टी एकेक करायच्या. मला सगळं पाठ होतं. तरी दर वेळी मी क्षणभर उशिरा हलायचे.

एका संध्याकाळी कॅप्टन म्हणाले, "लाल दिवा लागला की तुझे खांदे खाली येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू सैलावतेस. अगं, इंजिनाला आग लागलीय आणि तू घरी पोचल्यासारखी बसतेस. आनंद कसला होतो तुला?"

याचं उत्तर मी खोलीवर जाऊन उशीला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे सांगितलं की थोडे दिवस घरी जाऊन ये, मग आणखी एक फेरी होईल, आणि त्यातही हेच दिसलं तर उजव्या खुर्चीसाठी तुझं नाव मी देणार नाही. उजवी खुर्ची सहवैमानिकाची. लहानपणी मी अकोल्याला आत्याकडे शिकायला होते, तेव्हा शिवणीच्या धावपट्टीवर कधीमधी एखादं विमान उतरायचं, आणि मी शाळा बुडवून सायकलनं तिकडे जायची. तेव्हापासून मला ती खुर्ची हवी होती. ती आता हातातून जाणार होती, आणि तीही आग पाहून आनंद होतो म्हणून.

घरी आले तेव्हा मोर्शीचं ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होती. आमचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहाराची बारीक हिरवी फळं झाडावर होती, त्यांना पाणी हवं होतं, आणि बाबा दिवसभर लाईनची, म्हणजे विजेची, वाट पाहत होते. मी विहिरीपाशी लिंबाखाली बाजेवर पडून होते. कोणी काही विचारलं की खेकसत होते. आईनं दोनदा जेवायला बोलावून सोडून दिलं.

विहिरीशेजारच्या खोलीत मोटरचा स्टार्टर आहे. त्या लोखंडी पेटीवर तीन दिवे: लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले म्हणजे विजेचे तिन्ही फेज आले, मोटर लावा. एक जरी विझलेला असला तर बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर मोटर घूं-घूं करते आणि जळते. मी लहान असताना, अकोल्याला जायच्या आधी, दिवे पाहून यायचं काम माझं होतं. मी पळत जायची आणि तिथूनच ओरडायची, "तिन्ही हायेत!" मग बाबा मोटर लावायचे आणि पाटात पाणी यायचं.

त्या दुपारी दारातून सहज आत नजर गेली आणि स्टार्टरवरचा लाल दिवा पेटलेला दिसला. लाईन आली होती. माझे खांदे खाली आले. माझे मलाच कळले, इतके खाली आले. मी बाजेवर उठून बसले आणि हसतच सुटले.

बाबा खोलीकडे निघाले होते, ते थांबले. "काहून हासून राह्यली वं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मोटर लावली, पाणी पडतंय याची खात्री केली, मग येऊन बाजेच्या कडेला बसले. "म्हणजे तुयं इमान उलटं हाये म्हणा ना," ते म्हणाले. "आपल्या इथं दिवे लागले तं खुशी, अन् तुया तिथं इझले तं खुशी."

"तसंच."

"मंग आपण तुले उलटं करू."

माझ्याजवळ विमानाच्या समोरच्या भागाचं भलं मोठं रंगीत चित्र होतं. आम्ही सगळेच वैमानिक असं चित्र भिंतीला लावून, पुढे खुर्ची टाकून सराव करतो. मी ते मोटरच्या खोलीत, स्टार्टरच्या शेजारीच चिकटवलं. बाबांनी एक वाळलेली पऱ्हाटी घेतली, कपाशीची लांब काडी, आणि माझी तालीम सुरू झाली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण कोणती चौकट कुठं ते त्यांनी दोन दिवसांत डोक्यात बसवलं. काडी चित्रावर आपटून ते ओरडायचे, "लाल!" मी कोणता ते वाचून पुढचं सगळं म्हणायची. अडखळले की ते काडी खाली टाकायचे. "पडलं! तेरवीले किती लोक सांगाचे?"

"अभद्र बोलू नका!" आई घरातून ओरडायची. बगीचाभर ऐकू यायचं.

बाबा काही फार गुणी शिक्षक नव्हते. विमान बंद पडलं तर मोटरसारखं त्यालाही कंडेन्सर लावून चालवता येईल असं त्यांचं ठाम मत होतं, आणि पिवळ्या दिव्यांचा त्यांना कंटाळा होता. त्यात मजा नाही म्हणायचे. पण तिथं मी स्वतःला एक सवय लावून घेतली. लाल दिसला, मग तो चित्रातला असो की स्टार्टरवरचा, की आधी मोठ्यानं विचारायचं, "कोणता?" प्रश्न विचारणाऱ्या माणसाला सैलावता येत नाही, हे मला तिथं कळलं.

एका सकाळी सराव चालू असताना बाबा मध्येच थांबले. "सगळं ठीक तं एकबी दिवा नाही. बरं. मंग दिवाच गेला असला तं तुले कसं कळन?"

"त्यासाठी टेस्ट असते. निघायच्या आधी एक खटका फिरवला की सगळे दिवे एकदम पेटतात."

"अन् तू पाह्यतं काय सगळे? का झळकन् पेटले की झालं?"

खरं सांगायचं तर झळकन् पेटले की होतं. सगळेच तसं करतात. मी चिडले आणि म्हणाले, तुमची मोटर आणि माझं विमान एक नाही. बाबा चिडले नाहीत. काडी भिंतीला टेकवून म्हणाले, "मोटर जळाली होती ना आपली, तुले आठवते. निळा लागला नोता. मले वाटलं, बल्ब गेला असन. घाई होती, देली लावून. बल्ब नोता गेला, फेज गेला होता."

ती मोटर मला आठवत होती. जळक्या वार्निशचा वास खोलीत किती तरी दिवस होता, आणि त्या उन्हाळ्यात बरीच फळं गळाली. बाबा त्यावर कधी बोलले नव्हते. मग रोज तालीम सुरू करताना ते काडी त्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचे, मी एकेका चौकटीवर नजर टाकायची आणि लहानपणीसारखं म्हणायची, "सगळे हायेत!"

पुढची फेरी पार पडली. आगीचा दिवा लागला, मी मनात "कोणता?" म्हटलं आणि हात चालायला लागले. कॅप्टन एवढंच म्हणाले, "खांदे जागेवर होते." पण खुर्ची अजून माझी नव्हती. आता खऱ्या विमानात, खरे प्रवासी घेऊन, त्यांच्या शेजारी बसून उडायचं होतं, आणि शेवटच्या उड्डाणानंतर ते ठरवणार होते. ते शेवटचं उड्डाण ठरलं अमरावतीहून.

हिवाळ्याचे दिवस होते. एका मोठ्या व्यापाऱ्याला सकाळी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरवायचं आणि दुपारी मुंबईला परत न्यायचं. मी घरी फोनवर बोलून गेले, तीच चूक झाली. बाबा जीप करून आले. आत्या अकोल्याहून पहाटेच्या एसटीनं आली. आई आली नाही. मुलगी वर जाताना पाहणं मला झेपत नाही, म्हणाली. बाबा आणि आत्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर संत्र्यांची पिशवी घेऊन उभे. बाबांची पांढरी टोपी मला माझ्या खिडकीतून दिसत होती. ते दोघं माझं विमान उडताना पाहायला आले होते, आणि मला ते त्यांना दाखवायचं होतं. फार दाखवायचं होतं.

व्यापारी यायला थोडा वेळ होता. आम्ही निघायची तयारी करत होतो. मी टेस्टचा खटका फिरवला, सगळी पट्टी लाल-पिवळी-पांढरी उजळली. कॅप्टननी मान हलवली आणि पुढच्या कामाला हात घातला.

"थांबा," मी म्हणाले. "एक नाही."

मी परत खटका फिरवला. वरच्या ओळीत, सकाळी मुंबईहून निघताना पेटलेली एक चौकट आता काळीच राहिली. उंचावर असताना केबिनमधली हवा विरळ व्हायला लागली तर जो लाल दिवा सावध करतो, तो. एरवी त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही, कारण तो फक्त टेस्टमध्येच पेटतो.

बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं. कुंपणापलीकडे टोपी हलत होती. ते दोघं हात करत असावेत.

कॅप्टन माझ्याकडे पाहत होते. "नुसता बल्ब गेला असेल," ते म्हणाले.

"असेल. पण आमची एकदा मोटर जळाली आहे."

ते माझ्या तोंडून गेलंच. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नागपूरला इंजिनियरला फोन लावला. व्यापारी आला, एका दिव्यासाठी एवढं विमान अडवता का म्हणून तणतणला आणि गाडीनं नागपूरला निघून गेला. इंजिनियर दुपार कलल्यावर पोचला. त्यानं चौकट उघडली. आत दोन बारीक बल्ब असतात, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. दोन्ही गेले होते.

"म्हणजे पहिला गेला तेव्हा ही चौकट मंद दिसत असणार," कॅप्टन म्हणाले. "कित्येक दिवस मंद असेल. आणि मी रोज पाहत होतो." मग ते माझ्याकडे वळले. "कागदासाठी शेवटचं उड्डाण लागतं, ते उद्या सकाळी रिकाम्या विमानात करू. माझ्यापुरतं तुझं झालं. खुर्ची तुझी."

"पण आज आपण उडालोच नाही."

"नाही उडालो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसले.

आम्ही दोघं फाटकाबाहेर आलो. मला फार आनंद झाला होता, आणि बाबांसमोर जायची लाजही वाटत होती. दिवसभर उभं राहून त्यांनी काय पाहिलं? थांबलेलं विमान. आत्यानं दुरूनच विचारलं, रस्त्यावरच्या चार लोकांना ऐकू जाईल असं, "काय वं, बंद पडलं काय तुयं इमान?"

मी बाबांना सांगितलं, "एक दिवा लागला नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग लावलं नाही ना?"

"नाही लावलं."

ते आत्याकडे वळले. "बंद नाही पडलं, बाई," ते म्हणाले. "तिनं बंद ठेवलं." मग त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून सोललं आणि पहिली फोड मला नाही, कॅप्टनना दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उडालो तेव्हा कुंपणापाशी कोणी नव्हतं. त्या आठवड्यात आमच्याकडे सकाळची लाईन होती, आणि बाबा विहिरीवर होते. त्यांच्यासमोर तीन दिवे लागले असतील. माझ्यासमोर एकही नव्हता, आणि मी मुंबईपर्यंत मजेत गेले.