बिनरंगाचा बाक

बागेतल्या सुतारकाकांचं जगात एकाशीच हाडवैर होतं, ते म्हणजे भुंग्याशी. माणसांशी भांडायला त्यांना सवड नव्हती आणि बायकोशी भांडायची छाती नव्हती. गावाबाहेरच्या त्या मोठ्या रानबागेतले बाक, फाटकं, तळ्यावरचा लाकडी पूल, सगळं त्यांच्या हातचं. उन्हं जरा तापली की तो काळा, धष्टपुष्ट प्राणी गुणगुणत यायचा, जागा हेरायचा आणि फळीच्या खालच्या अंगाला गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक पाडून आत बिऱ्हाड थाटायचा. काका त्याला मनसोक्त शिव्या घालत. भोकात खडू-तेलाची लांबी भरायची, वरून रंगाचे दोन हात मारायचे, विषय संपला. रंगवलेल्या लाकडाच्या वाटेला भुंगा सहसा जात नाही.

त्यांची लेक मात्र भुंग्याची वकील. घरात तिला 'मुंगी' म्हणायचे, कारण अंगानं एवढीशी आणि स्वस्थ बसणं ठाऊक नाही. दम्यानं पिडलेली पोर, शाळेपेक्षा बागेतच जास्त वाढली. गवतात पालथी पडून चतुर, नाकतोडे, कोळी बघत राहायची. उन्हं वर आल्यावर आरामात उमलणाऱ्या एका पिवळ्या रानफुलाला तिनं 'शाळाबुडवी' नाव ठेवलं होतं, आणि माळीसुद्धा आता तेच म्हणू लागले होते. भोकं बुजवणाऱ्या बापाला ती सुनवायची, "बाबा, अरे तुझाच भाऊबंद आहे तो. फरक इतकाच, की तो मजुरी मागत नाही."

"आणि मापही घेत नाही," काका करवादायचे. "म्हणून तर माझं काम वाढवतो."

तेलरंगाचा वास मुंगीला सोसायचा नाही, छाती भरून यायची. म्हणून रंगकामाच्या दिवशी काका कपडे कामाच्या खोलीतच बदलायचे, हात कोपरापर्यंत साबणानं घासायचे आणि मगच घरी जायचे.

एका हिवाळ्यात मुंगी गेली. दम्यानंच गेली.

काकांनी तिच्या आठवणीसाठी एक बाक केला आणि शाळाबुडवीच्या ताटव्याशेजारी ठेवला. लाकूड साधं, मऊ, पण रंधा असा मारला होता की हात फिरवला तर कुठं अडकायचा नाही. रंग मात्र दिला नाही. मुकादम म्हणाला, "काका, तुम्हीच असं करायला लागलात तर कसं व्हायचं? किडे खातील हो."

"तिला वास सोसत नाही," काका म्हणाले.

इकडे काकूंनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. बाजार नाही, शेजार नाही, सख्ख्या बहिणीकडेसुद्धा नाही. सकाळी आवरून तेवढ्या त्या बाकावर जाऊन बसायच्या आणि दुपारी परत यायच्या. नवरा-बायकोत बोलणं उरलं होतं ते भाजीत मीठ कमी आहे आणि गॅस संपत आलाय, एवढ्यापुरतं. काका मनाशी म्हणायचे, बाक आहे तोवर ही उंबरा ओलांडते आहे. बाक गेला तर ही लेकीच्या खोलीत बसून राहील, आणि मग हीसुद्धा हातची जाईल. या धास्तीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

आणि नेमका त्याच बाकाखाली एक दिवस भुसा पडलेला दिसला. काका वाकून बघतात तर काय, खालच्या अंगाला ओळीनं भोकं. रंग देववेना आणि भुंगे बघवेनात. लांबी भरावी, तर शेजारी नवं भोक हजर. शेवटी थंडी पडली, भुंगे बाहेर दिसेनासे झाले, तेव्हा काकांनी फळीच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा ठोकून टाकला. थंडीत भुंगे आतच निजलेले असतात हे त्यांना माहीत नव्हतं, असं नाही. चांगलं माहीत होतं. पण त्या घडीला त्यांना फक्त बाक दिसत होता.

उन्हं पुन्हा तापली. एका सकाळी काकू बाकावर गेल्या तशा परत आल्या. त्यानंतर गेल्याच नाहीत. शेवटी काकांनी विचारलं.

"अगं, झालं काय? बाक टोचतोय का कुठं?"

"आत कुणीतरी खरवडतंय," काकू चादरीची घडी घालत म्हणाल्या.

"हात्तिच्या! भुंगे असतील. पत्रा ठोकलाय मी खालून. थोडा वेळ खुडबुड करतील, मग होतील शांत."

काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली. "तेव्हाही हेच म्हणाला होतात तुम्ही."

"केव्हा?"

"केव्हा म्हणून काय विचारता! खिडकी उघड म्हणत होती ती. हात जोडत होती तुम्हाला. आणि तुम्ही खिडकीला पाठ लावून उभे. थोडा वेळ, मग शांत होशील म्हणे. झाली ना शांत."

गार वारा अजिबात लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काकांनी पटाशी, हातोडी आणि पक्कड पिशवीत टाकली आणि पायात चपला सरकवल्या. काकू मागोमाग निघाल्या.

काकांनी बाक उलटा केला आणि पक्कडीनं खिळे उपटत पत्रा ओढून काढला. बोटं कापली, तिकडे लक्ष नव्हतं. भोकं उघडी झाली, पण एकही भुंगा बाहेर येईना. मग त्यांनी पटाशी लावून हातोडीचा घाव घातला. पुन्हा घातला. फळी उभी फाटली. आतल्या बोळकांडीत भुंगे एकामागे एक बसलेले होते, सगळ्यांची तोंडं बंद दाराकडे. सगळ्यांत पुढच्यानं पत्र्याच्या कडेचं लाकूड कुरतडून वाट काढू पाहिली होती आणि तिथंच तो मेला होता. त्याच्यामागचेही मेलेले. एकच, अगदी शेवटचा, एक पाय हलवत होता.

"हा आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याला हलकेच तळहातावर घेतलं.

बसायला आता बाक नव्हता. दोघं गवतातच बसली, मुंगी गेल्यापासून पहिल्यांदा शेजारी शेजारी. भोवती फुलांवर माश्यांची, फुलपाखरांची लगबग चालली होती.

"ऊन लागलं की तरतरी येते त्यांना," काका म्हणाले. मग कापलेली बोटं गवताला पुसत म्हणाले, "मला वाटलं, वारा लागला तर जास्तच होईल तिला. उघडायला हवी होती गं. निदान शेवटी तरी." आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी फिरणारा तो माणूस गुडघ्यात डोकं घालून हमसाहमशी रडला.

"मीही नाही उघडली," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बाजूला ढकलून उघडता आली असती मला. नाही उघडली. आणि सगळं तुमच्या माथी मारून मोकळी झाले."

भुंग्याचा पाय केव्हाच थांबला होता. काकू मात्र तळहात उन्हाकडे धरून होत्या.

"उडेल ना हो?"

काकांनी एकदा भुंग्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"नाही गं," ते म्हणाले. "गेला तो."

काकूंनी मान हलवली, पण हात खाली घेतला नाही. हाताला रग लागली असणार, तो कलू लागला होता. तेव्हा काकांनी आपला हात त्याखाली आधाराला धरला, आणि दोघं तशीच बसून राहिली.