नवव्या फेकीनंतरचा थांबा

धुळाप्पा सोलापुरातील एका गिरणीच्या मागखात्यात एकतीस वर्षे जॉबर होते. बिघडलेला माग सुरळीत करणे हे त्यांचे काम. हलणारी प्रत्येक वस्तू एकसारखी हलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मुख्याध्यापक या नात्याने मीही जन्मभर निराळे काही केले नाही, म्हणून आमचे जमले.

एकच माग त्यांना कधी दुरुस्त करता आला नाही. तो त्यांच्या घरातला हातमाग. त्यावर त्यांच्या पत्नी काशम्मा बसत. आडवे सूत नेणारा धोटा नऊ वेळा फेकला की दहाव्या फेकीपूर्वी त्यांचा हात अर्धा श्वास थांबे. धुळाप्पांनी दोऱ्या बदलल्या, धोटा घासला, चौकट समतल केली. थांबा गेला नाही. १९७२ साली काशम्मा वारल्या, तेव्हाच तो गेला.

पुढे गिरणीतील गोंगाटाने धुळाप्पांचे कान बसत चालले. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली. बहिरे होण्यापूर्वी तो थांबा एकदा ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा उरली. त्यांनी त्याच हातमागाचे वाद्य केले: सुताच्या जागी पोलादी तारा, खाली रॉकेलचे रिकामे डबे. उजव्या हाताने दोरी ओढली की धोटा तारांना घासत धावे. डाव्या हाताने फणीची चौकट ठोकली की डबे घुमत. आवाज मागाचाच, पण विहिरीच्या तळातून यावा तसा.

"मी थांबलो की तो माझा थांबा होतो, मास्तर. तिचा न्हाय," ते मला म्हणाले.

शेजारी कोणी बसल्याशिवाय काशम्मा मागावर बसत नसत. तेव्हा वाद्यापुढे माणसे बसवावीत, असे धुळाप्पांनी ठरवले आणि आमच्या वाचनालयाचे सभागृह मागितले. अर्जात वाद्याचे नाव नव्हते. चिटणीस या नात्याने मी तो एकदा परत केला, दुसऱ्यांदा स्वीकारला.

रविवार, १२ डिसेंबर १९७६, दुपारी चार. सत्तावीस श्रोते होते, बहुतेक गिरणीतले. "आठवडाभर हेच ऐकतो की. सुट्टीला बी हेच?" असे कोणी म्हणाले, आणि हशा झाला. पुढच्या रांगेत धुळाप्पांची मुलगी दाक्षायणी बसली होती. लहानपणी ती आईजवळ, तिच्या अव्वाजवळ, बसून सूत भरलेली कांडी तिच्या हाती देई. संपलेली काढून आई ती धोट्यात बसवी. आज आईच्या वेळची शेवटची भरलेली कांडी ती आठवण म्हणून मांडीवर घेऊन आली होती. वाद्याच्या धोट्यात मात्र कांडी नव्हती. आरंभीच धुळाप्पांनी तो रिकामा धोटा मला तपासायला दिला होता.

मला मोजण्याची सवय आहे. वीस मिनिटे फेकी अगदी एकसारख्या पडल्या. मग एका नवव्या फेकीनंतर दोरी ओढली गेली, हात खाली आला, तरी धोटा निघाला नाही. अर्धा श्वास. तारा तेवढ्यात स्वतःशीच गुणगुणत राहिल्या. नंतर धोटा धावला. पुढच्या नऊनंतर पुन्हा तेच.

धुळाप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मुदतीपूर्वीच त्यांचे कान गेले होते, आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

तिसऱ्या थांब्याला दाक्षायणीने बसल्या जागीच कांडी धरलेला हात पुढे केला. वाद्य तिच्यापासून चांगले चार हात दूर होते. हात मागे आला तेव्हा तो रिकामा होता.

धुळाप्पांचे लक्ष त्या हाताकडे गेले. त्यांनी दोरी सोडली, धोटा उचलला. आत सुताने भरलेली कांडी होती. त्यांचे दोन्ही हात सर्व वेळ माझ्या नजरेसमोर होते, हे मी येथे नमूद करतो.

त्यांनी कांडी मुलीसमोर धरली आणि भुवया उंचावल्या. ती सावकाश, ओठ दिसतील अशी म्हणाली, "अव्वानं मागितली, अप्पा. मी दिली."

"म्हंजे ती थांबली होती," धुळाप्पा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, कितव्याला?"

"नवव्याला," मी म्हणालो. ऐकू जाणार नाही, हे ध्यानात येऊन मी नऊ बोटे वर केली.

त्यांनी ती एकेक करून मोजली. मग कांडी धोट्यात परत ठेवली, धोटा तारांवर ठेवला आणि वाद्यासमोरची आपली जागा सोडून ते मुलीशेजारी, श्रोत्यांत जाऊन बसले. आम्ही सारे त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. दोरी अजून हलत होती.