खालच्या खोलीतलं इंजिन

"वहिनीस्नी सांगायची काय गरज न्हाय. त्या तशाबी काय बोलत न्हाईत!"

हे वाक्य माझ्या कानावर पडायचं नव्हतं. मी मोरीत कपडे पिळत होते आणि मोरीची खिडकी अंगणात उघडते, हे बसूभावजींना माहीत नव्हतं. बसूभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा, महेशचा, शाळेपासूनचा मित्र. बेत दोघांचा असा होता, की गुरुवारी अण्णा, म्हणजे माझे सासरे, अक्कलकोटला लग्नाला जाणार. ते गेले की आमच्या खोलीतलं इंजिन उचलायचं आणि भंगारवाल्याकडे पोचवायचं.

हो, खोलीतलंच. मोटारीचं इंजिन. आमच्या पलंगाशेजारी असतं.

अण्णा सापडेल तो नट-बोल्ट बिस्किटाच्या डब्यात टाकतात. "असू दे, लागंल कवातरी!" आमच्या घरातले किस्से तसेच साठलेत. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत, पण फेकलेही नाहीत. त्या दिवशी मोरीत तो सगळा डबा माझ्या डोक्यात खळखळायला लागला.

*

इंजिन अण्णांच्या अँबेसेडरचं. गाडी पांढरी, त्यांनी ऐन तारुण्यात घेतलेली. लग्नाला नवरी ह्याच गाडीतून आणायची, पण वाटेत ढकलायची नाही, असं महेशनं ठरवलं आणि एका उलटलेल्या गाडीचं नवंकोरं डिझेल इंजिन मिळवून तिच्यात बसवायला काढलं. एसीसकट!

अण्णा भडकले. "माणसाचं काळीज काढून दुसऱ्याचं बसवलं, तर त्यो माणूस त्योच ऱ्हातो व्हय?"

"राहतो की! आता डॉक्टर तेच करतात!"

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी सरळ बोललेले नाहीत. शेवटी आई, म्हणजे सासूबाई, मध्ये पडल्या. "गाडीत त्याचं, घरात तुमचं! आता गप बसा दोघं!"

घरात म्हणजे खालच्या खोलीत. तिथलंच दार तेवढं रुंद. आणि वरच्या खोलीत सोलापूरचा उन्हाळा काढणं म्हणजे भट्टीत झोपणं, म्हणून अण्णा-आई स्वतः वर गेले आणि खालची गार खोली नव्या जोडप्याला दिली. "नशीबवान हायस!" असं मला सगळ्यांनी सांगितलं. इंजिनाचं कुणी सांगितलं नाही.

*

गृहप्रवेश झाला त्या दुपारी आई म्हणाल्या, "जा, जरा आडवी हो."

खोलीत गेले, तर कोपऱ्यात कुणीतरी बुटकं, चादर पांघरून बसलेलं. मला वाटलं, घरातल्या कुणी म्हाताऱ्या असतील, गर्दीला कंटाळून इथे येऊन बसल्यात. मी पदर सावरला आणि वाकून नमस्कार केला. आशीर्वाद येईना. मग तशीच वाकून राहिले. उगाच उद्धट नको दिसायला!

महेश दारात येऊन बघत होता. "अगं, इंजिन आहे ते."

मागून अण्णांचा आवाज आला. "असू दे, असू दे. केला तर केला. मोठंच हाय ते तुमच्यापेक्षा!"

*

बंद इंजिन रोज हातानं फिरवावं लागतं. नाहीतर आत गंज धरतो आणि ते कायमचं अडकून बसतं. हे ज्ञान मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मिळालं. दारावर टकटक. मग खोकला.

"झोपा, झोपा, उठू नका तुमी. मी फकस्त दोन फेरे मारून जातो!"

तेव्हापासून रोज. दार मी उघडते. अण्णा तेलाची बुधली घेऊन येतात, थेंब थेंब आत सोडतात, लोखंडी हँडल घालून दोन फेरे मारतात. सासऱ्यांसमोर महेशला 'अहो' म्हणायचं आणि एरवी 'महेश', हा माझा नेम. पहाटेच्या झोपेत सगळा घोळ होतो. एकदा मी इंजिनाकडे बोट दाखवून अण्णांना विचारलं, "ह्यांना चहा ठेवू का?"

अण्णा म्हणाले, "नको. त्याला तेलच बरं."

*

मंद्रूपच्या आत्याबाई सून बघायला आल्या. माझं रुखवत अजून खोलीतच मांडलेलं होतं. भांडी बघून झाली, विणलेले रुमाल बघून झाले, मग नजर कोपऱ्याकडे गेली. त्यांनी चादर उचलली. पुन्हा खाली टाकली. माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"तुमच्या टेंभुर्णीकडं रुखवतात इंजिन द्यायची पद्धत हाय व्हय?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "तिचं न्हाय वन्सं. ही माझी सवत. दसऱ्याला हळदकुंकू लावते मी हिला. ओटी भरायची तेवढी ऱ्हायलीय!"

*

नव्या इंजिनाचंही सांगायला हवं, नाहीतर अण्णांचीच बाजू घेतली असं होईल.

पहिल्या माहेरपणाला टेंभुर्णीला निघालो, सगळेच. एसी चालू, काचा बंद, महेश नुसता फुललेला. मोहोळच्या पुढे स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प झाली. अण्णा पुढच्या सीटवर होते. हसू येऊ नये म्हणून बाहेरच्या उसाकडे बघत राहिले.

रफीकभाई मेस्त्री मोटारसायकलवरून आले. गाडीखाली नाही, बोनेटपाशी नाही, थेट स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली आणि मोबाईल बघत बसले.

"रफीक, आरं बोनेट तरी उघड की!"

"क्या करना अण्णा, अब बीमारी मोबाईल पे दिखती!"

कसलीशी वायर सुटली होती. ती जोडल्यावर अण्णा मागे वळून, पण महेशला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या इंजिनाला काय झालंय, ते नुसत्या वासावरनं कळायचं!"

आई म्हणाल्या, "न कळायला काय झालं? रोजच व्हायचं की!"

*

आता हा किस्सा हसण्यासारखा आहे की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

एका पहाटे मला जाग होती, पण डोळे मिटलेले. दार लोटलेलंच होतं. अण्णा आले, फेरे मारले, हँडल पुसलं. मग पलंगापाशी आले. महेश पालथा झोपलेला, पंखा पाचवर. अण्णांनी तो दोनवर केला. परत इंजिनापाशी गेले आणि त्याच्यावर चादर घालत हळूच म्हणाले,

"पहाटंचा वारा सोसत न्हाय त्याला. ल्हानपणापासनं. सर्दी होती."

हे इंजिनाला सांगितलं.

दोघं घरात एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी वर लिहिलंय. म्हणून मोरीतून उठता येईना. इंजिन गेलं तर खोली माझी होईल. पहाटे झोप मिळेल, उशीला तेल-पेट्रोलचा वास येणार नाही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तर मला येतंच! पण मग अण्णांनी पहाटे कुठल्या निमित्तानं खाली यायचं?

*

गुरुवारी अण्णा गेले. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी तेवढे दोन फेरे तू मारशील का? महेशला न्हाय सांगत मी."

मी मान डोलावली.

एसटी सुटली असेल-नसेल, तोच टेम्पो दारात. बसूभावजी, रफीकभाई, आणखी दोघे, जाड दोर आणि कावडीसारखी लांब बल्ली. आई स्वयंपाकघराच्या दारात, तोंडावर पदर, पण डोळे हसत होते. सवत निघाली होती!

इंजिनाला दोर गुंडाळला गेला. बल्ली घातली गेली. महेश माझ्याकडे बघत नव्हता.

"चला, एकदम उचला! वहिनी, जरा सरका हो."

मी सरकले नाही. दारात उभी होते, तिथेच राहिले. सगळे थांबले. रफीकभाईंनी बल्ली खांद्यावरून खाली घेतली. आईंनी पदर बाजूला केला. कुणालाच माझ्या आवाजाची सवय नव्हती, मलाही. पहिल्यांदा तो फुटलाच नाही. दुसऱ्यांदा जरा मोठाच निघाला.

"इंजिन राहू दे. माणसं आलीच आहेत, तर आमचा पलंग वर न्या, आणि अण्णा-आईंचा इथे खाली आणून टाका! उद्यापासून पहाटेचे दोन फेरे मारायला महेश खाली येईल!"