गॉगल घातलेला शेतकरी चालत नाही

चाळीसगाव स्टेशनवर नानांनी माझी बॅग शेवटपर्यंत सोडली नाही. गाडी लागली, मी चढले, तेव्हा कुठे दारातून आत सरकवली आणि बाप म्हणून जे सांगायचं होतं ते एका दमात उरकलं. "काम मांगजो, पोरी. दया मांगू नको." माय नुसती माझ्या बाहीला धरून उभी होती. अट घरीच ठरली होती: दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर परत. आणि परत म्हणजे मामाने पारोळ्याला बघून ठेवलेलं स्थळ.

बॅगेत कळण्याच्या भाकरी होत्या, ठेचा होता, आणि एका प्लास्टिकच्या फोल्डरात धुळ्याच्या प्लेसमेंट क्लासच्या सरांनी दिलेलं कव्हर लेटर. आमच्या आख्ख्या बॅचला तेच. नाव बदलायचं, कंपनी बदलायची, पाठवायचं. इंग्रजी गुळगुळीत, पण मधोमध एक ओळ होती: माझे वडील गरीब शेतकरी असून घरची परिस्थिती हलाखीची आहे.

गाडीत ती ओळ वाचली आणि भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. माझे वडील? कोरडवाहू का होईना, पण रान स्वतःचं. ट्रॅक्टर स्वतःचा, आणि अर्धं गाव नांगरटीसाठी त्यांच्या मागे. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर धुळ्याच्या बाजारातून पारखून आणलेला काळा गॉगल. हा माणूस हलाखीचा?

चूक एकट्या सरांची नाही. आपल्याकडे लिहायचं म्हणजे अर्ज लिहायचा, आणि अर्ज शिकायचा तहसीलच्या दारात टेबल मांडून बसलेल्यांकडून. दाखला असो, विजेचं कनेक्शन असो, सुरुवात ठरलेली: मी गरीब व गरजू असून. हक्काची गोष्टसुद्धा आपण गुडघे टेकून मागतो, आणि मग तीच गुडघे टेकलेली भाषा इंग्रजीत नेऊन नोकरीच्या दारात ठेवतो. किळस येते मला. गरिबी ही पात्रता आहे का? ती असली तर ज्यांनी लादली त्यांना जाब विचारायचा असतो. ती मिरवून कोणाच्या खुर्चीपुढे उभं राहायचं नसतं.

पुण्यात पोचले तर तिथे दुसरी घाण. होस्टेलमधल्या मुली एकमेकींना पत्रं दाखवायच्या. एक लॉजिस्टिक्सबद्दल 'पॅशनेट' होती; गोदाम तिने बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. दुसरीला लहानपणापासून याच कंपनीत यायचं होतं. त्याच संध्याकाळी तिला लहानपणापासून आणखी चार कंपन्यांत यायचं होतं. आपल्याकडे लोटांगण, इकडे फुशारकी. खरं कोणीच लिहीत नव्हतं.

मी मात्र लिहायला दुसरीकडे शिकले होते. गावात कॉलेजच्या वेळेला एसटी नव्हती. पोरी अकरावीला नाव घालायच्या आणि पावसाळ्यानंतर घरी बसायच्या. गावातल्या आमच्या महिला संघटनेच्या अक्कांनी मला बसच्या मागणीचं पत्रक लिहायला बसवलं. पहिला मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "वाचणारा स्टँडवर उभा शे, हातमा पिशवी शे. पहिल्या ओळीत धरला नाहीस तर तुझ्या पत्रकात तो शेंगदाणे बांधून नेईल." एक पान. एक मागणी. तिच्यामागे एक खरी घडलेली गोष्ट. शेवटी काय हवंय ते सरळ. बाकी सगळं अक्का खोडायच्या. त्या पत्रकावर आम्ही सह्या घेतल्या, डेपोत ठाण मांडलं, आणि बस आली. आजही येते.

तर मी सरांचं पत्र फाडलं आणि पत्रकासारखं पत्र लिहिलं. पहिली ओळ: आमच्या गावाला कॉलेजच्या वेळेची बस नव्हती, ती सुरू करून घेणाऱ्यांपैकी मी एक. मग कोणती गावं, कोणत्या वेळा, डेपोला मार्ग आखून कसा दिला, आणि तुमच्या कामात याचा उपयोग कुठे होईल. पान संपलं, पत्र संपलं.

दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या कंपनीने बोलावलं. समोरच्या मॅडम पत्रावर खूश होत्या. "छान आहे गं. फक्त घरच्या परिस्थितीचा एक परिच्छेद घाल. गावाकडच्या मुलींच्या गोष्टी आम्ही अहवालात छापतो. वडिलांचा शेतातला फोटो आहे?"

मी मोबाइल पुढे केला. नाना ट्रॅक्टरवर, गॉगल लावून, एक हात स्टिअरिंगवर.

"अगं, हा नको. साधा नाही का? जरा... शेतकरी वाटेल असा?"

"हे शेतकरीच आहेत, मॅडम."

"ते कळलं गं. पण वाचणाऱ्याच्या मनाला भिडायला हवं ना! बघ, परिच्छेद पाठवलास की पुढचं बघू."

मी मोबाइल खिशात घातला. म्हटलं, "बसबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. परिच्छेद मी पाठवला नाही. नोकरी गेली.

रिकाम्या हाताने दिवाळीला घरी गेले. मामा ओसरीवर बसलेलेच होते. "मंग, साहेबीन? पारोळावाल्यासले काय सांगू?" मी सगळं सांगितलं, गॉगलचंही. नाना म्हणाले, "गॉगल काढा म्हने? त्यासना बापनी घेई दिधा होता का?" मामा हसायला लागले, तर नानांनी त्यांनाच गप्प केलं. "तू पारोळाले सांग, पोर नही येत." आणि माझ्याकडे वळून: "जाय परत. दिवाई काय, दरसाल येस." दिवाळीची अट तिथेच सुटली.

पुढे त्याच पत्रावर नोकरी लागली, गाड्यांचे मार्ग आखायची. कंपनी लहान आहे. मालकाने पहिला प्रश्न विचारला तो डेपोतल्या वेळापत्रकाचा, आणि मी तासभर बोलले.

रावेर, चाळीसगाव, धुळ्याहून निघायला टेकलेल्या पोरापोरींनो, आणि आधीच निघून आलेल्यांनो, पत्र लिहा. एक पान लिहा, केलेलं लिहा. सरांची ती ओळ खोडा. आणि खोडताना आपल्या बापाचा चेहरा समोर आणा.

तो फोटो माझ्या खोलीत लावलाय. येणारी प्रत्येक मैत्रीण विचारते, हा हिरो कोण? माझं घर आता तेवढं आहे: भिंतीवरचा तो गॉगल आणि वर्षातून एकदा चाळीसगावला उतरणं. माझ्या पत्रात त्या घराबद्दल एक अक्षर नसतं. ते विकायला काढलेलं नाही.